धम्मदिनाचा शुक्रवार

बोंबलाचं कालवण पुढ्यात असताना धम्मदिना अर्धी भाकरी टाकून उठली आणि कमळच्या जिवाला घोर लागला. ही पोर उपाशी राहणाऱ्यांतली नव्हे. लहानपणी अंगात ताप असतानासुद्धा तिने कधी ताट सरकवलं नव्हतं.

"पोट बिघडलंय का?" कमळने विचारलं.

"नाही."

"ऑफिसात कुणी काही बोललं?"

"काही नाही गं मम्मी. भूक नाही."

पोरीच्या 'काही नाही'चे सगळे प्रकार आईला ओळखता येतात. दमल्याचं वेगळं, रुसल्याचं वेगळं. हे तिसरंच होतं, आणि ते कमळने यापूर्वी एकदाच ऐकलं होतं, सीएच्या परीक्षेचा निकाल लागला त्या दिवशी. कमळ भांडी घासू लागली आणि एकेक काळजी काढून बघू लागली. काशेळीच्या रस्त्यावर कंटेनर अंगावर येतात, ती एक. ऑफिसातल्या कुणा मुलाचं काही असेल, ती दुसरी. पण या सगळ्यांच्या मागे एक काळजी दबा धरून बसली होती, आणि तिचं नाव घ्यायला कमळ धजत नव्हती. पुढच्या आठवड्यात धम्मदिनाला कायम करायचं की नाही हे ठरणार होतं.

बाहेरच्या माणसाला यात एवढं काय वाटेल. पण या घरात 'कायम' हा शब्द आजवर कुणाच्याच नावापुढे लागला नव्हता. दत्तू, धम्मदिनाचे वडील, भिवंडीतल्या एका यंत्रमाग कारखान्यात जॉबर होते. जॉबर म्हणजे बिघडलेली लूम दुरुस्त करणारा माणूस. त्यांचा कान असा, की खटखटाटातूनही कुठली लूम आजारी आहे ते दारातून सांगायचे. पण मालकाने एक दिवस सगळ्या लूम भंगारात काढल्या, आणि दत्तू गावातच, राहनाळला, एका गोदामाच्या गेटवर ठेकेदाराकडून वॉचमन म्हणून उभे राहिले. कमळ बी.ए. झालेली, शाळेच्या ऑफिसात बसते, तीही दर जूनमध्ये नव्याने अर्ज करून. पाहुणे विचारायचे, "नोकरी पक्की ना?" आणि दोघं नवरा-बायको एकमेकांकडे बघून चहाचा विषय काढायची.

अशा घरात धम्मदिना वाढली. नाव कमळनेच ठेवलेलं, जुन्या काळातल्या एका विदुषी भिक्खुणीचं. सासू म्हणाली होती, एवढं लांबलचक नाव हाक मारताना तोंडात मावणार नाही. मावलं नाहीच, सगळे दिना म्हणतात. भिवंडीच्या कॉलेजातून एम.कॉम. केलं, सीए मात्र जमलं नाही. मग काही काळ अंजूरच्या बाजूला एका गोदामात खोकी मोजण्याचं काम केलं. हाताखाली हमाल, हिंदी-मराठी-भोजपुरी सगळं एका वाक्यात. "मॅडमजी, ये वाला गाडी का माल किधर लगाऊँ," आणि ही चप्पल सरकवत धावतेय. तिथेच रिकाम्या वेळात मोबाईलवर शेअर बाजाराचे धडे बघता बघता तिने ठाण्याच्या कंपनीत अर्ज केला.

ती कंपनी काम करते कॅनडातल्या लोकांसाठी. तिथला बाजार बंद झाला की इथे पहाट व्हायला येते. दिना अंधारातच अंजूरफाट्याला कंपनीची गाडी पकडते, ठाण्यात जाऊन कालच्या बाजाराचे भाव उघडते आणि तिकडच्या लोकांना सकाळी चहाबरोबर वाचायला मिळेल असं एक टिपण तयार करते. सगळ्या बाजाराचं नाही. फक्त प्रेफरन्स शेअरचं.

पहिल्या पगाराच्या दिवशी दत्तूंनी विचारलं होतं, "हे प्रेफरन्स म्हणजे नक्की काय भानगड?"

दिना जेवता जेवता सांगू लागली. "कंपनीला नफा झाला की यांना आधी द्यायचं. ठरलेलं तेवढंच, जास्त नाही. यांचं झालं की मग बाकीच्या शेअरवाल्यांना. पण कंपनीच्या कारभारात यांना मत नाही."

दत्तूंनी घास थांबवून विचार केला. "म्हणजे जावई."

"काय?"

"आधी ताट जावयाला. आणि घरच्या कारभारात त्याने तोंड घालायचं नाही."

दिना एवढी हसली की तिला ठसका लागला. दुसऱ्या दिवशी तिने ऑफिसात हे सांगितलं, तेव्हापासून त्यांच्या टीममध्ये या शेअरना जावईच म्हणतात. 'आज जावई रुसलेत' म्हणजे भाव उतरलेत.

हे रुसवेफुगवे कमळलाही हळूहळू कळू लागले. तिकडे हे शेअर घेतात ती बहुतेक निवृत्त माणसं, ठरलेल्या उत्पन्नावर घर चालवणारी. बँकेचे व्याजदर वाढतील अशी बातमी आली की ती माणसं म्हणतात, मग बँकच काय वाईट, आणि जावयांचा भाव उतरतो. व्याज उतरणार म्हटलं की चढतो. म्हणून दिनाला जगाच्या बातम्या बघाव्या लागतात. तेलाचे भाव, कुठल्या देशाने कुणावर कर लावला, अमेरिकेत किती लोकांना कामं मिळाली. कमळ शाळेत पेपर उघडला की पूर्वी शेवटून वाचायची, आता आधी अर्थविषयक पान काढते. शिपाई तुळजाबाईंनी एकदा विचारलं, "मॅडम, शेअर घेतले काय?" कमळ म्हणाली, "घेतले नाहीत. आमची दिना लिहिते त्यांच्यावर." हे वाक्य बोलायला तिला इतकं आवडलं की त्या आठवड्यात तिने ते आणखी दोघीतिघींना ऐकवलं.

शेजारच्या ठकुबाईंना मात्र ते पटत नव्हतं. त्या कपडे वाळत घालता घालता कुंपणावरून म्हणाल्या, "पोरगी काळोखाची जाते, सांगते शेअर बाजार. तिकडं गोऱ्यांचा बाजार वर गेला न् खाली आला, आपल्याला काय गो त्याचा? आपली कोलबी सस्ती झाली काय?"

"तिला पगार मिळतो ठकुबाई."

"त मिळू दे. लगीन कवा करायचा हाय?"

"आधी कायम होऊ दे."

"कायम होऊ दे, कायम होऊ दे. गोदामाला भात लावतील तवा कायम होल तुमचा." असं म्हणून त्यांनी साडी झटकली, आणि पाणी कमळच्या अंगावर उडालं. त्याच संध्याकाळी त्यांनी दिनासाठी वाटीभर कोलबीचं सुकं पाठवलं, ही गोष्ट वेगळी.

तर अशी ही पोर त्या आठवड्यात जेवेनाशी झाली. मंगळवारी अर्धी भाकरी टाकली. बुधवारी डबा तसाच परत आणला. गुरुवारी पप्पांशी बोललीच नाही. कमळने ऑफिसातल्या तिच्या मैत्रिणीला, प्रियंकाला फोन करून बघितला. ती म्हणाली, "मावशी, काम जास्त आहे." हेही 'काही नाही'च्याच जातकुळीतलं.

शुक्रवारी उलगडा झाला.

शुक्रवार हा दत्तूंच्या घरचा सणाचा वार. भिवंडीच्या कारखान्यांना सुट्टी शुक्रवारी. लूम थांबायच्या, गल्ली अशी शांत व्हायची की कावळे ऐकू यायचे. दत्तू डोकं धुवायचे, भुवयांत अडकलेली रुई निघायची, मग मटण आणायला जायचे. शाळेला रविवारी सुट्टी असली तरी दिनाचा लहानपणचा आठवडा गुरुवारी रात्री संपायचा आणि शुक्रवारी पप्पांच्या मांडीवर सुरू व्हायचा. कारखाना गेला, गोदामात सुट्टी कधी मिळेल ती मिळेल, पण मटण अजून शुक्रवारीच शिजतं.

त्या दुपारी दिना ड्युटीवरून आली. दत्तूंनी नेहमीप्रमाणे पिशवी वर धरून दाखवली. "नळ्या आणल्यात तुझ्यासाठी. शुक्रवार आहे, आज तरी जेव."

दिनाने पिशवीकडे बघितलं, बापाकडे बघितलं आणि हसायला लागली. हसता हसताच तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"पप्पा, तुमच्या शुक्रवारनेच माझा घात केला."

दत्तू पिशवी तशीच धरून उभे. कमळने गॅस बारीक केला. मग दिनाने ओट्याला टेकून सगळं सांगितलं.

कामाला लागली तेव्हा टिपणात फक्त रोजचा चढउतार असायचा. आठवड्याभरात काय झालं हे सांगणारी एक ओळ शनिवारच्या टिपणात टाकावी, ही कल्पना तिचीच. तिने स्वतः कॉम्प्युटरवर तक्ता बांधला. पूर्ण झालेला आठवडा तो तक्ता आपोआप उचलणार आणि भाव किती वर-खाली झाला ते देणार. सगळ्यांनी कौतुक केलं. ती ओळ नव्या लोकांना नमुना म्हणून दाखवली गेली. आणि तक्ता बांधताना आठवडा कुठे सुरू होतो, या रकान्यात हिने डोळे मिटून टाकलं: शुक्रवार.

"तिकडे शुक्रवार म्हणजे आठवड्याचा शेवटचा दिवस," दिना म्हणाली. "माझ्या तक्त्यात तो पुढच्या आठवड्यात पडायचा. पहिल्यापासून. भाव रोज एवढेसेच हलतात, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. गेल्या शुक्रवारी अमेरिकेतून नोकऱ्या वाढल्याची बातमी आली, व्याजदर उतरणार नाहीत असं सगळे म्हणायला लागले, आणि जावई धाडकन पडले. मी वरच्या ओळीत लिहिलं, आज मोठी घसरण. आणि त्याच्याखालीच लिहिलं, आठवड्यात किंचित वाढ. तेच लोकांनी वाचलं. मंगळवारी तक्ता उघडला, तर सोमवारचा भाव भरायच्या आधीच नव्या आठवड्यात घसरण येऊन बसलेली. तेव्हा माझी ट्यूब पेटली."

"ऑफिसातल्या मॅडमना कळलंय?" कमळने विचारलं.

"कुणालाच कळलेलं नाही. उद्याच्या टिपणात ती ओळ पुन्हा जाणार."

"मग त्यात काय एवढं. उद्यापासून वार बदलून टाक. एक अक्षर बदलायचं ना?"

"बदलला की पुढचं बरोबर येईल. मागचं?"

"मागचं कोण उकरतंय?"

दिना ओट्याची कड फडक्याने पुसू लागली. कमळचा आवाज चढला. "अगं, पुढच्या आठवड्यात तुझं कायमचं बघणार आहेत. त्यांनी विचारलं नाही, ओरड झाली नाही. तुला काय पडलीय स्वतःहून तोंड उघडायची? नंतर सांग हवं तर. कायम झाल्यावर सांग."

"कायम झाल्यावर सांगितलं तर ते कसं दिसेल, मम्मी?"

कमळला हे कळत होतं. कळत होतं म्हणूनच राग येत होता. तिने दत्तूंकडे बघितलं, की तुम्ही तरी बोला. दत्तूंनी मटणाची पिशवी ओट्यावर ठेवली. मघाशी शुक्रवारचं नाव निघालं तेव्हा ते हसले होते. आता चेहरा असा, जणू पोरीच्या पायात त्यांनीच काहीतरी अडकवलं. "माझ्यामुळे झालं म्हण की," एवढंच पुटपुटले आणि दारातल्या पायरीवर जाऊन बसले.

दिना मागोमाग गेली. कमळला स्वयंपाकघरातून ऐकू येत होतं.

"पप्पा, मस्करी केली मी."

"मस्करी कसली. खरंच आहे. शनिवार-रविवारवाल्या बापाची असतीस तर असं झालं नसतं."

"शनिवार-रविवारवाल्यांना मटणाची अशी चव तरी कळते का?"

"उद्या काय करणार?"

"सांगणार."

दत्तूंनी तिला पायरीवर जागा करून दिली. मग म्हणाले, "सांगताना उभ्याने सांग. बसून सांगितलं की माणूस मिनतवारी करतोय असं वाटतं." आणि थोड्या वेळाने, "नळ्या अजून पिशवीतच आहेत."

त्या दिवशी ती जेवली. कमळने मात्र आपलं ताट अर्ध्यावरच झाकून ठेवलं.

शनिवारी शाळा अर्धा दिवस. कमळने एक दाखला दोनदा लिहिला, एकदा चुकीच्या मुलाच्या नावाने. घरी आली तर दिना नाही. ऊन कलायला लागलं तेव्हा ती आली, चप्पल काढली, माठातलं पाणी प्यायली.

"काय म्हणाल्या मॅडम?" कमळने दारातच गाठलं.

मॅडम म्हणजे सुकन्या मॅडम, टीमच्या प्रमुख. कडक बाई, पण पहाटे मुलींची गाडी चुकली तर स्वतःची गाडी पाठवणाऱ्या.

"आधी त्यांना कळेचना. म्हणाल्या, कुणी तक्रार केली का? म्हटलं, नाही. मग तुला कोणी सांगितलं? म्हटलं, मीच बघितलं. मग त्यांनी खुर्ची ओढली आणि म्हणाल्या, दाखव."

"ओरडल्या?"

"ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. डोकं धरून बसल्या. त्यांनीच रोज तपासून पाठवलंय ना ते सगळं. मग म्हणाल्या, दिना, हे तू पुढच्या शनिवारी सांगितलं असतंस तर मी तुझ्यावर फार चिडले असते, आणि तरी मनातून मला बरं वाटलं असतं. कारण मधे तुझं कायमचं झालं असतं."

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार. म्हटलं, मॅडम, मागचे सगळे आठवडे मी पुन्हा काढून ठेवलेत, बघून घ्या."

म्हणजे जेवत नव्हती त्या दिवसांत पोर हे करत होती. उलटा प्रवास करत एकेक आठवडा नव्याने काढत होती. तक्त्यात चढ लिहिलेले काही आठवडे प्रत्यक्षात उताराचे निघाले होते, काही उताराचे चढाचे. कमळला वाटलेलं, की ती घाबरून गप्प आहे. घाबरलेली होतीच. पण नुसती घाबरून बसली नव्हती.

पुढचं मात्र व्हायचं तसं झालं. कॅनडावाल्यांनी झालेल्या चुकीबद्दल दुरुस्ती छापायला लावली. आणि दिनाच्या सोबत लागलेल्यांना कायम केलं, प्रियंकालाही केलं. दिनाची मुदत आणखी सहा महिन्यांनी वाढवली. काम तेच, पगार तोच, आठवड्याची ओळही तिच्याचकडे. फक्त तो शब्द नाही.

कमळने एक अख्खा दिवस लेकीशी अबोला धरला. तिला स्वतःचंच कळत नव्हतं, की राग कुणावर. भाजी चिरताना, शाळेत हजेरीपट आवरताना एकच मनात यायचं: गप्प बसली असती तर. ठकुबाईंनी कुंपणावरून "झाली काय गो कायम?" असं विचारलं, तेव्हा कमळ म्हणाली, "पाणी गेलंय, मागून बोलते," आणि आत आली. पाणी गेलं नव्हतं. नळ चालू असल्याचा आवाज ठकुबाईंना नक्की ऐकू गेला असणार.

अशात बुद्धभूषण आला. दत्तूंचा चुलतभाऊ, बौद्धवाड्यातल्या मंडळाचा सचिव. दिवसा रिक्षा चालवतो, संध्याकाळी मंडळ चालवतो, आणि दोन्हीकडे हॉर्न सारखाच वाजवतो.

"जय भीम वहिनी. रविवारी विहारात गुणवंतांचा सत्कार ठेवलाय. दहावी-बारावीची पोरं आहेतच, पण औंदा मुख्य सत्कार आपल्या दिनाचा. हे बघा." त्याने मोबाईल पुढे केला. फ्लेक्सचा नमुना होता. निळ्या पार्श्वभूमीवर दिनाचा कॉलेजातला फोटो, आणि खाली मोठ्या अक्षरांत: परदेशी वित्त कंपनीत कायम नियुक्ती झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.

कमळला आठवलं. पंधरवड्यापूर्वी त्याच्याच रिक्षातून येताना तीच म्हणाली होती, की होईलच आता कायम.

"कसा झालाय? फोटो बदलायचा असेल तर सांगा. उद्या दुपारी छापायला टाकतो."

"चांगला आहे," कमळ म्हणाली.

"दिनाला सांगा, पोरांसमोर चार शब्द बोल म्हणावं. आमची पोरं काय, गोदामाच्या पुढे बघतच नाहीत. ती इकडे राहनाळला बसून कॅनडाला वाचायला देते, म्हणजे काय आहे." तो चहा न घेताच गेला; अंजूरचं भाडं उभं होतं.

दिना आली तेव्हा कमळने त्याचा निरोप सांगितला. अबोला तिथेच सुटला.

"माझं नाव काढायला सांग," दिना म्हणाली. "कसला सत्कार? कायम न झाल्याचा?"

"ते तुझं छापलेलं मला दाखव," कमळ म्हणाली.

"कुठलं?"

"दुरुस्तीचं. चुकीबद्दल तिकडे जे छापलं ते."

दिनाने मोबाईलवर काढून दिलं आणि हातपाय धुवायला गेली. कमळने चष्मा लावला. इंग्रजी होतं, पण कमळने बी.ए.ला इंग्रजी मन लावून वाचलेलं. ती एकेक ओळ बोटाने सरकवत गेली. तिला वाटलं होतं गुळमुळीत काहीतरी असेल, क्षमस्व, तांत्रिक कारणामुळे वगैरे. शाळेत तीच अशी पत्रं लिहिते. इथे तसं काही नव्हतं. आमच्या साप्ताहिक ओळीत आठवडा शुक्रवारपासून गुरुवारपर्यंत धरला जात होता. तो सोमवारपासून शुक्रवारपर्यंत धरायला हवा होता. त्यामुळे खालील आठवड्यांत आम्ही वाढ म्हटलं तिथे घट होती, आणि घट म्हटलं तिथे वाढ. ज्यांनी त्या ओळींवर विसंबून काही ठरवलं असेल त्यांनी हे आकडे पाहावेत. पुढे नवे आकडे. आणि सगळ्यात शेवटी एक वाक्य: ही चूक आमच्या तक्ता करणाऱ्या विश्लेषकानेच शोधून कळवली.

"हे कुणी लिहिलं?" कमळने आतल्या दिशेने विचारलं.

"मी. शेवटचं वाक्य मॅडमनी घातलं. मी नको म्हणत होते."

कमळने ते पुन्हा पहिल्यापासून वाचलं. कुठेही 'परंतु' नव्हतं, कुठेही सबब नव्हती. समुद्रापलीकडची, हिने कधी न बघितलेली, पेन्शनवर जगणारी म्हातारी माणसं हे वाचत होती आणि त्यांना सरळ कळत होतं की काय चुकलं, किती चुकलं, आता खरं काय. कमळला एकदम तिच्या ऑफिसातले सगळे दाखले, सगळी पत्रं, सगळे 'तांत्रिक कारणामुळे' आठवले. आणि त्याबरोबर छाती अशी भरून आली, की चष्म्याच्या काचा पुसाव्या लागल्या. कायमचं पत्र आलं असतं तर ती खूश झाली असती, पेढे वाटले असते. पण पत्र काय, प्रियंकालाही आलं होतं. हे जे हातात होतं, ते तिच्या लेकीशिवाय दुसऱ्या कुणाला आलं नव्हतं.

दिना तोंड पुसत बाहेर आली. "काय झालं?"

"काही नाही," कमळ म्हणाली. "नाव नाही काढायचं."

"मम्मी, त्यांनी खोटं लिहिलंय त्या फ्लेक्सवर."

"ते खोडायला सांगते. नाव राहील. तू तिथे जाऊन पोरांना हे सांग, शुक्रवारचं. सगळं. मटणासकट."

"पोरं झोपतील."

"झोपू देत. जागी राहतील त्यांना सांग."

"आणि लोक म्हणतील, बघा, चूक केली म्हणून सत्कार."

"म्हणू देत की. ठकुबाईंना तर मी उद्या स्वतःच सांगणार आहे."

दिना आईकडे बघतच राहिली. मग तिने ताट घेतलं आणि भाकऱ्यांच्या टोपलीतून आपण होऊन दोन काढून घेतल्या. दत्तू ड्युटीवरून यायचे होते. त्यांच्यासाठी कमळने कालवण झाकून ठेवलं.

फ्लेक्स उद्या दुपारी छापायला जाणार होता. त्यावर काय लिहायचं, याची कमळने मनातल्या मनात जुळवाजुळव केली. 'कायम नियुक्ती' काढायचं, हे नक्की. त्याजागी काय? 'परदेशी वित्त कंपनीत विश्लेषक' एवढं पुरे, तेवढं शंभर टक्के खरं आहे. बुद्धभूषण विचारील, वहिनी, मग कायम झाली नाही का? तर सांगायचं, नाही झाली, का नाही झाली तेही सांगते, पाच मिनिटं रिक्षा बाजूला घे. तो मधे बोलेल, त्याला बोलू द्यायचं नाही.

ती पदराला हात पुसत बाहेरच्या खोलीत आली. चार्जिंगला लावलेला फोन काढला, खुर्चीत बसणार होती, पण बसली नाही. उभ्याउभ्याच तिने बुद्धभूषणचा नंबर शोधला.